बोटांना विचारलेले प्रश्न

उजवा हात टेबलावर पालथा ठेवा. मधलं बोट तेवढं आत दुमडून त्याची पाठ टेबलाला टेकवा; बाकीची चारही बोटं सरळ पसरलेली राहू द्या. आता एकेक बोट वर उचला. अंगठा उठतो. तर्जनी उठते. करंगळीही मुकाट उठते. अनामिका मात्र उठत नाही. जोर लावून पाहा, दात-ओठ खाऊन पाहा, ती जागची हलत नाही. हात तुमचा, बोट तुमचं, हुकूमही तुमचाच, आणि तरी बोट ऐकत नाही!

हा खेळ मी भेटेल त्याला करायला लावते. लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवर, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना. माणूस कितीही शिकलेला असो वा नसो, क्षणभर तो स्वतःच्या हाताकडे असा बघतो की जणू हा हात त्याला आजच मिळाला आहे. मग तो दुसऱ्या हातानं करून बघतो. मग शेजारच्याला करायला लावतो. मला हे बघायला फार आवडतं. जन्मापासून जवळ असलेल्या शरीरात न पाहिलेलं, न विचारलेलं इतकं काही पडून असतं, आणि ते बघायला ना दुर्बीण लागते ना पैसे.

अनामिकेची गोष्ट अशी आहे. बोट वाकवणारे किंवा सरळ करणारे स्नायू बोटांत नसतातच. बोटात हाडं आहेत, रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत, थोडी चरबी आणि वर कातडी. हलवणारे स्नायू बसलेले असतात तळहातात, आणि मोठे बळकट स्नायू तर पार कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात. डाव्या हातानं उजवा हात कोपराच्या थोडा खाली घट्ट धरा आणि उजवी बोटं पेटीवर फिरवल्यासारखी हलवा. पकडीखाली स्नायूंची वळवळ स्पष्ट लागते. तिथून लांब, चिवट कंडरा मनगटावरून बोटांपर्यंत जातात. सिंधुदुर्गात पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवतात, तेव्हा हलतो बाहुलीचा हात, पण हलवणारा वर पडद्यामागे असतो. आपली बोटं त्या बाहुल्यांच्या जातीची आहेत.

बोटं सरळ करणारा मुख्य स्नायू चारही बोटांत मिळून एकच. तो मनगटाजवळ चार कंडरांत विभागतो, आणि हाताच्या पाठीवर या कंडरा तिरक्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. तर्जनीला आणि करंगळीला याखेरीज आपापला एक स्वतंत्र स्नायूही मिळाला आहे. अंगठ्याचा तर सगळा कारभारच वेगळा. मधलं बोट आणि अनामिका यांना मात्र सामायिक स्नायूवरच भागवावं लागतं. मधलं बोट दुमडलं की त्याची कंडरा पुढे ओढली जाते, जोडपट्टीमुळे अनामिकेच्या कंडरेलाही ती पुढे धरून ठेवते, आणि मग मागून कितीही ओढलं तरी ती ओढ बोटापर्यंत पोचत नाही.

तबला शिकणाऱ्या कुठल्याही मुलाला हे वेगळ्या वाटेनं कळलेलं असतं. दायाँवर ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेवर हलकेच टेकलेली राहते आणि तर्जनी मोकळी होऊन किनारीवर आघात करते. ज्या बोटाला स्वतःचा स्नायू आहे त्याच्याकडे नाद दिला, ज्याला नाही त्याला टेकून राहायचं काम दिलं. हे ठरवणाऱ्यांनी शरीररचनेचं पुस्तक उघडलेलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या हातांकडे बघत, हातांना विचारत ते ठरलं असणार, आणि मला ही विद्या पुस्तकातल्या विद्येइतकीच आदराची वाटते.

आता हात उताणा करा. अंगठ्याचं आणि करंगळीचं टोक एकमेकांना लावून मनगट थोडं आत वाकवा. बहुतेकांच्या मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसेल. काहींना ती दिसणार नाही, काहींना एकाच हातावर दिसेल. ही ‘पामॅरिस लाँगस’ नावाच्या स्नायूची कंडरा, आणि तो स्नायू काही माणसांना जन्मतःच नसतो. नसला म्हणून कुणाचं काही अडत नाही, मुठीच्या ताकदीत फारसा फरक पडत नाही. म्हणूनच हाताची दुसरी एखादी महत्त्वाची कंडरा तुटली तर शल्यचिकित्सक ही कंडरा काढून तिथं जोडतात. एकाच घरातल्या चार माणसांनी मनगटं शेजारी शेजारी धरून पाहावीत. आपण आतून सगळे सारखे असतो हे शाळेतलं चित्र तिथल्या तिथे जरा बदलतं.

बोटांचा सर्वांत प्रसिद्ध प्रश्न अर्थात आवाजाचा. आजी नातवाच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवते, स्वतःच्या कानशिलांवर बोटं टेकते आणि कडाकडा मोडते. जितकी बोटं वाजली तितकी दृष्ट लागली होती! तोच नातू अभ्यास करताना बोटं मोडायला लागला की तीच आजी म्हणते, “नको रे, अवलक्षण आहे ते.” घरोघरी दुसराही एक इशारा असतो: बोटं मोडलीस तर म्हातारपणी सांधे धरतील.

हा इशारा फक्त मराठी घरांतला नाही. कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड उंगर या डॉक्टरांना लहानपणी त्यांच्या आईनं, मावश्या-आत्यांनी आणि पुढे सासूबाईंनीही हेच सांगितलं होतं. उंगर यांनी वाद घातला नाही. त्यांनी रोज किमान दोनदा फक्त डाव्या हाताची बोटं मोडायला सुरुवात केली आणि उजवा हात तुलनेसाठी राखून ठेवला. पन्नास वर्षांनी, १९९८ साली, त्यांनी संधिवाताच्या एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून कळवलं की दोन्ही हातांत संधिवात नाही आणि दोन्ही हातांत काही फरकही नाही. २००९ साली त्यांना इग्नोबेल पारितोषिक मिळालं. ते आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. एका माणसाच्या दोन हातांवरून सगळ्या जगाबद्दल काही सिद्ध होत नाही हे खरं. पण आईच्या एका वाक्याला इतकं मनावर घेऊन अर्धशतक त्याची तपासणी करणं, यात मला त्या वाक्याचा मानच दिसतो.

आवाज येतो कुठून, हा प्रश्न आणखी चिवट निघाला. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेले असतात. बोट ओढलं की सांध्यातली जागा अचानक वाढते, दाब उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. १९४७ साली लंडनच्या दोघा संशोधकांनी बोटं ताणून क्ष-किरणांची चित्रं घेतली आणि पोकळी होताना आवाज येतो असं सुचवलं. १९७१ साली लीड्सच्या संशोधकांनी उलट सांगितलं: आवाज पोकळी कोसळण्याचा. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात ग्रेग कावचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका माणसाचं एकेक बोट दोरीनं ओढत एमआरआयखाली चित्रण केलं. सेकंदाच्या एक तृतीयांशाहून कमी वेळात सगळा खेळ आटोपला, आणि आवाजानंतरही पोकळी तिथंच दिसली. म्हणजे १९४७चं म्हणणं खरं? तर २०१८ साली फ्रान्समधून गणित आलं की पोकळी अर्धवट कोसळली तरी तेवढा आवाज होऊ शकतो, आणि उरलेली पोकळी चित्रात दिसत राहील. सत्तर वर्षांत एवढी यंत्रं बदलली आणि आजीच्या कानशिलावरचा तो ‘कट्’ अजून वादात आहे! एकदा मोडलेलं बोट साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही, एवढं मात्र कुणीही घड्याळ लावून तपासावं.

आता माझ्या सर्वांत आवडत्या प्रश्नाकडे येते. पाण्यात फार वेळ राहिलं की बोटांच्या टोकांना सुरकुत्या का पडतात?

विहिरीत पोहणाऱ्या पोरांना हा प्रश्न पडतो आणि काठावर येईपर्यंत विसरला जातो. आषाढात चिखलात उभं राहून भाताची आवणं लावणाऱ्या बायकांची बोटं दिवसभर सुरकुतलेलीच असतात. घरी धुणं-भांडी करणाऱ्या बाईंचीही. सगळ्यांनी पाहिलेली गोष्ट, आणि सगळ्यांना ठाऊक असलेलं उत्तरही एकच: कातडी पाणी पिऊन फुगते, फुगून घड्या पडतात. उत्तर इतकं सरळ की पुढे विचारावंसं वाटू नये.

पण १९३६ साली लंडनमध्ये थॉमस लुईस आणि जॉर्ज पिकरिंग या डॉक्टरांनी नोंदवलं की हाताचा एक मुख्य मज्जातंतू निकामी झालेल्या रुग्णांची त्या तंतूच्या हद्दीतली बोटं पाण्यात सुरकुतत नाहीत. कातडी नुसती पाणी पिऊन फुगत असती तर मज्जातंतू असला काय नि नसला काय! ही नोंद जवळजवळ विस्मरणात गेली. पुढे आयर्लंडमधले शल्यचिकित्सक सेमस ओरियन यांच्या एका बालरुग्णाच्या आईनं त्यांना एक गोष्ट दाखवली. मुलाच्या हाताचा मज्जातंतू दुखावला होता. बाकीची बोटं पाण्यात सुरकुतत, पण दुखावलेल्या तंतूची बोटं गुळगुळीतच राहत. ओरियन यांनी ते ऐकून घेतलं, इतर रुग्णांवर पडताळून पाहिलं आणि १९७३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छोटासा लेख लिहून एक नवी चाचणी सुचवली: हात अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा आणि कोणत्या बोटांना सुरकुत्या पडत नाहीत ते बघा.

ही चाचणी किती मोलाची आहे ते लहान मूल समोर असताना कळतं. मोठ्या माणसाला टाचणी टोचून विचारता येतं, लागलं का? दोन वर्षांचं मूल रडेल नाहीतर हसेल, पण नेमकं कुठे लागलं ते सांगणार नाही. पाण्यात बुडालेलं बोट मात्र न बोलता सांगतं. आणि हे मुलाला रोज आंघोळ घालणाऱ्या बाईनं पाहिलं, यात मला काही योगायोग वाटत नाही. इतक्या जवळून, इतका वेळ त्या बोटांकडे दुसरं कोण बघणार होतं?

सुरकुत्या कशा पडतात हे पुढे हळूहळू उलगडलं. पाणी बोटाच्या टोकाला असलेल्या घामाच्या असंख्य छिद्रांतून थोडं आत शिरतं, तिथलं क्षारांचं प्रमाण बदलतं, मज्जातंतूंना त्याची खबर लागते. आपल्या मर्जीशिवाय हृदय आणि घाम चालवणारी जी मज्जासंस्था आहे तीच इथं हुकूम देते आणि बोटाच्या टोकातल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. सिंगापूरमध्ये विल्डर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००३च्या सुमारास हे रक्तवाहिन्यांचं आकसणं मोजून दाखवलं. आतला गर कमी झाला, वरची कातडी तेवढीच राहिली, म्हणून ती जागोजागी आत ओढली जाते. म्हणजे सुरकुतलेलं बोट फुगलेलं नसतं, आतून किंचित रोडावलेलं असतं.

मग शरीर हा खटाटोप करतं कशासाठी? २०११ साली मार्क चँगीझी यांनी मांडलं की या सुरकुत्या पाणी वाहून जाण्याचे चर असावेत, ओली वस्तू घट्ट धरता यावी म्हणून. २०१३ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांनी माणसांना पाण्यातल्या काचेच्या गोट्या उचलायला लावल्या. सुरकुतलेल्या बोटांनी काम सुमारे १२ टक्के लवकर झालं. कोरड्या गोट्यांना काही फरक पडला नाही. लगेच पुढच्या वर्षी बर्लिनच्या संशोधकांना तसाच प्रयोग करून काहीच फरक दिसला नाही. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आलेल्या ५०० हून जास्त लोकांवर झालेला वेगळा प्रयोग २०२१ साली छापून आला. ओली वस्तू धरून ठेवायला नुसत्या ओल्या बोटांना जितका जोर लावावा लागला त्याहून सुरकुतलेल्या बोटांना कमी लागला. माझं मत चरांच्या बाजूनं झुकतं. आवणाची ओली, निसरडी जुडी भराभर सोडवत जाणारी बोटं मी जवळून पाहिली आहेत. पण माझ्या झुकण्याला पुरावा म्हणत नाहीत. त्या बायकांच्या हातांवर कुणी हा प्रयोग करावा अशी मला मनापासून इच्छा आहे, कारण पाण्यातल्या बोटांचा त्यांच्याइतका अनुभव म्युझियम बघायला आलेल्या कुणाला असणार?

अलीकडचा सगळ्यात गोड प्रश्न एका लहान मुलाचा. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातले गाय जर्मन यांनी मुलांसाठी सुरकुत्यांबद्दल एक लेख लिहिला होता. त्यावर एका मुलानं विचारलं की सुरकुत्या दर वेळी त्याच जागी पडतात का? जर्मन यांना उत्तर माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी ते शोधलं. बोटं अर्धा तास कोमट पाण्यात बुडवून फोटो काढले, किमान एक दिवस जाऊ दिला, पुन्हा बुडवून पुन्हा काढले. २०२५ साली निष्कर्ष छापून आला: नक्षी तीच उमटते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या जागा बदलत नाहीत, म्हणून वरच्या घड्याही बदलत नाहीत.

बोटांच्या या सगळ्या संशोधनात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. उंगर यांच्या पन्नास वर्षांच्या मुळाशी आईचं वाक्य होतं. ओरियन यांच्या चाचणीच्या मुळाशी दुसऱ्या एका आईची नजर होती. नक्षीच्या मुळाशी एक पोर होतं. प्रश्न घरातून आले आणि ते ऐकून घेणारा एकेक माणूस भेटला. आपल्याकडे घरात असे प्रश्न कमी पडतात असं मुळीच नाही. ऐकून घेणारा माणूस कमी भेटतो. “काहीतरीच विचारतोस, पुस्तक उघड,” हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की प्रत्येक वेळी पोटात कालवतं. त्या मुलानं पुस्तकच तर उघडलेलं असतं, स्वतःच्या हाताचं.

आणि हे खेळ कुठवर नेतात पाहा. कोपर दाराच्या कडेवर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तो ‘अल्नार’ मज्जातंतू. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खाचेत, तो जवळजवळ उघड्यावर असतो. करंगळी आणि अनामिकेची तिच्या बाजूची निम्मी कड यांची संवेदना त्याच्याकडे. कुष्ठरोगाचे जंतू शरीरातल्या थंड जागा पसंत करतात, आणि कातडीलगतचा हा तंतू त्यांच्या नेहमीच्या ठिकाणांपैकी एक. तो सुजून जाड होतो, म्हणून डॉक्टर कुष्ठरोगाच्या तपासणीत कोपराची मागची बाजू चाचपतात. पुढे करंगळी आणि अनामिका बधिर होतात, तळहातातले छोटे स्नायू दुबळे होतात, बोटं आकड्यासारखी वळतात.

कुष्ठरोगात बोटं झडतात असं लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून काम करणाऱ्या पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं आपोआप गळत नाहीत. त्यांना दुखत नाही, म्हणून ती भाजतात, कापतात, चिघळतात, आणि माणसाला पत्ताच लागत नाही. वळलेल्या बोटांवर त्यांनी उपाय काढला तो त्याच दोऱ्यांच्या आधारे, ज्यांच्याशी आपण टेबलावर खेळलो. एकेक बोट वाकवायला दोन कंडरा असतात. शाबूत असलेली एक कंडरा सोडवून नव्या जागी जोडली, की निकामी स्नायूचं काम ती करू लागते. मग रुग्णाला काही आठवडे नव्यानं शिकावं लागतं, कारण मेंदूला वाटतं आपण एक बोट वाकवतो आहोत, आणि हलतं भलतंच. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर आणि चेहऱ्यांवर अशाच पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया केल्या. आणि वरोऱ्याजवळ आनंदवनात तर ज्यांना समाजानं निकामी ठरवलं त्याच हातांनी विहीर खणली, रान पिकवलं.

जगात दर वर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात असतात.

तेव्हा एक विनंती आहे. येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांना बसवा, मोठ्या घमेल्यात कोमट पाणी घ्या आणि हात बुडवा. मुलांना घड्याळ द्या. कोणाचं बोट आधी सुरकुततं, गार पाण्यात किती वेळ लागतो, मिठाच्या पाण्यात वेळ बदलतो का, हे त्यांना लिहून काढू द्या. पाणी आधी दुसऱ्याच्या हातानं तपासा, कारण बधिर हाताला चटका कळत नाही. आणि कुणाचं एखादं बोट अर्ध्या तासानंतरही गुळगुळीत राहिलं, त्यात बधिरपणा किंवा मुंग्या असतील, अंगावर स्पर्श न कळणारा फिकट चट्टा असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्याचं कारण मधुमेह असेल, मनगटात दबलेला तंतू असेल किंवा आणखी काही. ते डॉक्टर ठरवतील. कुष्ठरोग निघाला तर त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात, आणि वेळेवर सुरू केली तर बोटं शाबूत राहतात.